चौथी पायरी

सोमवार, संध्याकाळचे सात.
लॅब्राडॉरात नेनला अजून साडेसहाच,
त्यामुळे इझमे ओबेड घास चावत चावत हजर.
बाकी आठ काळे चौकोन, आठ नावं,
आणि कुणाच्या तरी मागे शिट्टी घालणारी किटली.

मी यांना सूचना लिहायला शिकवते.
शिकवते म्हणजे, लिहिलंय तेवढंच करून दाखवते.
इझमेनं स्नोमोबिलचा पट्टा बदलायची रीत पाठवली:
'पट्टा दोन्ही चाकांवर बसवावा.'
माझ्याकडे चाकं कुठली?
लाटणं घेतलं, सरबताची बाटली घेतली,
रबराचा पट्टा ताणला,
तो सुटला आणि दिव्याला जाऊन लागला.
एकेक कॅमेरा उघडत गेला.
'म्हातारी कामातून गेली,' ड्यूलसी ब्लॅगडन म्हणाली,
माइक बंद करायचा विसरून.

कर्मणी प्रयोगाशी माझं जुनं वैर.
'झाकण काढले जावे.'
कुणी काढावं? वाऱ्यानं?
कर्मणीत कुणाचाच हात भाजत नाही,
म्हणून तर कचेऱ्यांना तो इतका प्रिय.
तुम्ही लिहा: काढ.
हात तुझा. झाकण गरम.

हेडली पार्डीनं जनरेटर लिहिला.
चाळीस वर्षं खेकड्यांच्या बोटीवर, आता गुडघे गेलेत,
मासळीच्या कारखान्यात सुरक्षेची नोकरी हवीय,
त्यासाठी हे प्रमाणपत्र.
सात ओळी, एकही शब्द फुगलेला नाही.
'बाहेर ठेव, खिडकीपासून लांब.
वायू दिसत नाही. मारतो.'
पंचवीसपैकी चोवीस दिले.
समासात लिहिलं: वाक्यं गळ टाकल्यासारखी पडतात.
एक गुण कापला तो नुसता सवयीनं.

मग फेब्रुवारीतली ती रात्र,
वारा असा की खांब आडवे, सगळं बंदर काळं.
एल्डन होता तोवर ते यंत्र त्याचं होतं,
मी फक्त आवाज ओळखत होते.
हेडलीचा कागद छापून ठेवलेला, तपासायला.
टॉर्च दातांत धरून शेडच्या आडोशाला वाचला.
एक, बाहेर ठेव. दोन, तेल बघ.
तीन, चोक ओढ. चार, दोरी ओढ. जोरात.

ओढली.
अकरा वेळा ओढली.
यंत्र साधं खोकललंही नाही.
कागदाला शिव्या दिल्या, हेडलीला दिल्या,
माझ्या चोवीस गुणांना तर चांगल्या ठेवणीतल्या.
शेवटी हातमोजा काढला, टाकीखाली चाचपत गेले,
जिथे लोखंड कातडी सोडत नाही,
तिथे बोटाला एक खिट्टी लागली. आडवी.
उभी केली.
बाराव्या ओढीला
स्वयंपाकघराच्या खिडकीत उजेड.

'पेट्रोलचा कॉक,' मी पुढच्या सोमवारी म्हटलं,
'कुठे लिहिलाय?'
हेडली किती तरी वेळ गप्प. मग,
'तो तर सगळ्यांनाच ठाऊक असतो, बाई.'
'सगळे म्हणजे कोण?'
'मी,' तो म्हणाला. 'बोटीवरची पोरं.'
आणखी नावं शोधत राहिला.
ड्यूलसीनं कॅमेरा लावला: 'मला नव्हतं ठाऊक.'
नेनहून इझमे: 'मला आहे. पण माझ्या बहिणीला नाही,
आणि घरी ती एकटी असते.'

मलाही सांगावं लागलं.
की मी कानानं गुण दिले होते,
लय ऐकून. दोरी ओढून बघितली नव्हती.

गुरुवारी त्याचा नवा कागद आला.
'चार: टाकीखाली, डाव्या हाताला, करंगळीएवढी खिट्टी आहे.
अंधारात दिसणार नाही. हातमोजा काढ.
आडवी असेल तर उभी कर.
बोट लगेच मागे घे, बाई. चिकटतं.'

'बाई' खोडायला हवं होतं.
सूचना कुणा एकासाठी नसते, पहिल्या तासाला मीच सांगते.
लाल पेन उघडलंसुद्धा.
मग कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला
आणि शेडच्या दाराला ठोकला,
जरा तिरकाच बसला.